राखीव क्वार्टरबॅक : जो गिलियम

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा चढाईचा सूत्रधार. त्या काळी कृष्णवर्णीय खेळाडूला ही जागा क्वचितच मिळे. नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेट विद्यापीठातून आलेल्या जो गिलियमला पिट्सबर्ग स्टीलर्सने १९७२ साली निवडले, तेही अकराव्या फेरीत. १९७४ चा हंगाम मात्र त्यानेच सुरू केला. सहा सामन्यांत चार विजय, एक बरोबरी, एकच पराभव! तरीही त्याला बसवून टेरी ब्रॅडशॉला आणले. गिलियमचे फेक वारंवार प्रतिपक्षाच्या हाती जात, हे खरे. पण जिंकणाऱ्याला असे उठवावे, हे मला आजही पटत नाही. संघ त्याच हंगामात अजिंक्य ठरला. पुढे अमली पदार्थांपायी गिलियमने विजेतेपदाची अंगठीही गहाण टाकली. २५ डिसेंबर २००० रोजी तो वारला. पन्नाशीला चार दिवस उरले होते.