पेज आणि प्रसाद

गोव्यात जुवारीच्या बाजूला सांकवाळ नावाचे गाव आहे. तेथे एका जुन्या चर्चची केवळ दर्शनी भिंत उभी आहे. माझे आजोळ त्या भागातले, त्यामुळे ती भिंत मी लहानपणापासून पाहत आलो. परंतु या गावच्या एका सत्पुरुषाची कथा मला फार उशिरा कळली, आणि कळल्यापासून ती मनातून जात नाही. तो सत्पुरुष म्हणजे फादर जोसेफ वाझ.

कथा सांगण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आपल्याकडे देवापुढचा प्रसाद घरातले लहान मूलही वाटते. कॅथलिक पंथात तसे नाही. मिस्सेच्या विधीत भाकरी व द्राक्षासव ही ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि तो विधी केवळ दीक्षित धर्मगुरूच करू शकतो. म्हणजे पाद्री नसेल तर ख्रिस्तप्रसादही नाही. श्रद्धा कितीही दृढ असो, ओंजळ रिकामीच राहते. सतराव्या शतकात सिलोनच्या हजारो कॅथलिकांची नेमकी हीच अवस्था झाली होती. डचांनी 1656 साली कोलंबो आणि 1658 साली जाफना पोर्तुगीजांकडून जिंकले, कॅथलिक पाद्र्यांना हाकलून दिले आणि पाद्र्याला थारा देणाऱ्यास देहदंडाचा धाक घातला. जवळजवळ तीस वर्षे तेथे मिस्सेची घंटा वाजली नाही.

जोसेफ वाझ यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी आजोळी, बाणावलीस झाला. वडील सांकवाळचे. 1676 साली त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली, आणि पुढच्याच वर्षी आपण मरियामातेचे दास आहोत असा कागदच त्यांनी लिहून दिला. एरवी माणूस कर्जापोटी जसा लिहून देतो तसा! काही वर्षे कानडा मुलखात काम करून ते गोव्यास परतले. युरोपीय संन्याशांच्या संघांत त्या काळी एतद्देशीय पाद्र्यांना प्रवेश नव्हता. म्हणून 1685 साली गोमंतकीय धर्मगुरूंनी स्वतःचा संघ उभारला आणि वाझ त्याचे प्रमुख झाले. परंतु सिलोनची हाक त्यांना स्वस्थ बसू देईना. 1686 साली ते पद सोडून निघाले. बरोबर एकटा सेवक, जुवांव.

येथे दैवाचा एक खेळ पाहावा. ज्या सावळ्या वर्णापायी गोव्यातले दरवाजे बंद होते, त्याच वर्णाने सिलोनचा दरवाजा उघडला. गोरा पाद्री डचांच्या नजरेस तत्काळ पडला असता. अनवाणी, अंगावर जीर्ण वस्त्र अशा हमालाकडे कोण पाहतो? तुतिकोरीनहून होडीने ते 1687 साली जाफन्यास उतरले ते असेच.

उतरताच हगवणीने अंथरूण धरले. साथीच्या भयाने लोकांनी त्या दोघांना रानातल्या झोपडीत नेऊन टाकले. एका बाईला दया आली. ती पेज आणून देई. ज्यांना प्रसाद द्यायचा, त्यांच्याच हातची पेज आधी घ्यावी लागली. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागू लागले. माळ पाहून कोणाचे डोळे चमकतात, एवढेच ते पाहत. ओळख पटली, मग रात्री घराघरांत गुपचूप मिस्सा होऊ लागली. तीस वर्षांनी तो घास जिभेवर पडला तेव्हा त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना काय वाटले असेल, याची मी केवळ कल्पना करतो.

पण या घासाची किंमतही पडली. 1689 च्या नाताळात डच शिपायांनी धाड घातली. वाझ निसटले, भक्त मात्र पकडले गेले. काहींना वेठीला जुंपले, एकाचा माराने प्राण गेला. हे वाचताना मी नेहमी अडखळतो. एवढ्यासाठी इतके सोसावे का? उत्तर मला देता येत नाही. त्या लोकांनी त्यानंतरही दारे बंद केली नाहीत, एवढे मात्र खरे.

1692 साली ते बौद्ध राजाच्या कांडीत गेले, आणि पोर्तुगीजांचे हेर समजून तुरुंगात पडले. तुरुंगातच त्यांनी वेदी मांडली. पुढे, 1696 साली मोठे अवर्षण पडले असता त्यांनी चौकात क्रूस उभारून प्रार्थना केली आणि पाऊस कोसळला, अशी कथा आहे. ती कशी मानावी हे ज्याने त्याने ठरवावे. मला त्यापेक्षा 1697 ची देवीची साथ मोठी वाटते. लोक रोग्यांना रानात सोडून पळाले, तेव्हा वाझ आपल्या भाच्यासह तेथे राहिले. त्यांनी रोग्यांना भरवले, मेलेल्यांना मूठमाती दिली. जाफन्याच्या रानात टाकलेला माणूस कांडीच्या रानातल्या टाकलेल्यांना विसरला नाही. राजा विमलधर्मसूर्य याने त्यांना मोकळीक दिली ती अशी सेवा पाहून.

16 जानेवारी 1711 रोजी कांडीत त्यांचा अंत झाला. चोवीस वर्षांत ते गोव्यास परतले नाहीत. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले.

देवावर भार टाकणे म्हणजे हातपाय गाळून बसणे, असे मी एके काळी समजत असे. वाझ यांचे चरित्र वाचल्यावर तो समज गेला. त्यांनी भार देवावर टाकला खरा, पण चालले मात्र स्वतःच्या पायांनी. आता सांकवाळला गेलो की त्या भिंतीपुढे मी थोडा अधिक वेळ उभा राहतो, आणि ती पेज आणणारी अनामिक बाईच आधी आठवते.