दिव्यापलीकडच्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल

हातात दिवा घेऊन रात्री जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी बाई, एवढीच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची ओळख आपल्यापैकी पुष्कळजणींना शाळेच्या पुस्तकापासून असते. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुली त्यांच्या नावाने दिवा लावून शपथ घेतात आणि त्यांचा जन्मदिवस, १२ मे, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. ते योग्यच आहे. परंतु या बाईंच्या नव्वद वर्षांच्या आयुष्यात दिव्याचे दिवस दोन वर्षांहूनही कमी होते. त्यानंतरची चाळीस वर्षे त्यांनी ज्या कामी वेचली, ते काम माणूस मुळात आजारीच पडू नये यासाठी काय करावे, हे शोधण्याचे होते. मंडळाच्या भगिनींना हे काम अधिक जवळचे वाटेल, म्हणून त्या बाजूने हे चरित्र येथे दिले आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म १८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. आईवडील इंग्लंडमधले सधन कुटुंबातले. लग्नानंतर ती दोघे दीर्घ प्रवासाला निघाली होती. थोरली मुलगी नेपल्सला झाली, तिला त्या शहराच्या जुन्या ग्रीक नावावरून पार्थेनोपी म्हटले, धाकटीला फ्लॉरेन्स. वडील विद्याव्यासंगी होते. मुलगे नव्हते, तेव्हा त्यांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान असे सारे शिकविले. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष गोडी. मुलीच्या जातीला गणित कशाला, असे आईला वाटे. पण मुलीने हट्ट सोडला नाही. पुढे हेच गणित हजारो जीव वाचविण्याच्या कामी यायचे होते, हे तेव्हा कोणास ठाऊक असणार?

वयाच्या सतराव्या वर्षी तिला वाटले, की देवाने आपल्याला सेवेसाठी बोलाविले आहे. पण कोणती सेवा, हे उमगायला काही वर्षे गेली. १८४५ साली तिने जवळच्या इस्पितळात जाऊन रुग्णसेवा शिकण्याची इच्छा घरी बोलून दाखविली, तेव्हा घरात जणू वीज कोसळली. त्या काळी इंग्लंडात रुग्णसेविकेचा धंदा अगदी हलका मानला जाई. कुलीन घरातली मुलगी तिथे पाऊल टाकील, ही कल्पनाच घरच्यांना सोसवेना. परवानगी मिळाली नाही. मग घरचे उठण्यापूर्वी पहाटेच उठून ही मुलगी इस्पितळांचे आणि सरकारी आरोग्यखात्याचे अहवाल वाचीत बसे, त्यांतली टिपणे काढी, आणि न्याहारीची वेळ झाली की खाली येऊन घरची कामे करी. चांगल्या स्थळाला तिने नकार दिला. सहा वर्षांनी, १८५१ साली, जर्मनीतील कायझरवर्थ येथील आश्रमात तिला तीन महिने शिकायला मिळाले. आणि १८५३ साली लंडनमधील आजारी स्त्रियांच्या एका लहानशा इस्पितळाची व्यवस्था तिच्याकडे आली. तेव्हा तिचे वय तेहेतीस होते.

पुढच्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध पेटले. जखमी व आजारी इंग्रज शिपायांना जहाजांनी काळा समुद्र ओलांडून स्कुटारी येथे, म्हणजे आजच्या इस्तंबूल शहराच्या पैलतीरी, आणीत. तिथल्या हालअपेष्टांच्या बातम्या वृत्तपत्रांत येऊ लागल्या तेव्हा युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी बाईंना पाचारण केले. नोव्हेंबर १८५४ मध्ये अडतीस परिचारिकांसह त्या स्कुटारीला पोचल्या. इस्पितळ कसले, ती एक अवाढव्य जुनी बराक होती. अंथरूण, कपडे, भांडी, साबण, कशाचाच पत्ता नाही. बाईंनी धुलाईघर सुरू केले, स्वयंपाकाची सोय लावली, जमलेल्या निधीतून सामान विकत आणविले आणि रात्री दिवा घेऊन मैलोगणती लांबीच्या त्या ओळींतून फेरी घातली. शिपायांनी त्यांना देवता मानले.

इथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक आहे. पुढची फारशी सांगितली जात नाही. बाई आल्यावरही मृत्यू कमी झाले नाहीत. त्या हिवाळ्यात ते वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुटारीत मृत्यूचे प्रमाण शंभरांत बेचाळिसांवर गेले होते. आणि हे शिपाई बहुतेक जखमांनी मरत नव्हते; पटकी, हगवण आणि निरनिराळे ताप यांनी मरत होते. मार्चमध्ये इंग्लंडहून एक आरोग्यमंडळ आले. डॉक्टर सदरलंड आणि इंजिनियर रॉलिन्सन हे त्यातले प्रमुख. त्यांनी इस्पितळाच्या खालची गटारे उपसली, मेलेली जनावरे आणि कचऱ्याचे ढीग हलविले, पाण्याचे मार्ग साफ केले, हवा खेळती राहील अशी सोय केली, भिंतींना चुना दिला. त्या बराकीच्या पायाखालीच मैला तुंबून राहिला होता. इस्पितळातली गर्दीही त्या सुमारास ओसरू लागली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शंभरांत दोनांच्या आसपास आले.

१८५६ साली बाई मायदेशी परतल्या. सत्कारसमारंभ टाळून त्या गुपचूप घरी पोचल्या आणि आकड्यांचे गठ्ठे घेऊन बसल्या. मृत्यूंची नोंद ठेवण्याच्या शास्त्रातले जाणकार विल्यम फार यांच्याबरोबर त्यांनी युद्धाच्या महिन्या-महिन्याचा हिशेब मांडला. त्यांच्या डोळ्यांदेखत जी माणसे गेली, त्यांतली बहुतेक वाचण्यासारखी होती, आणि स्वतःच्या देखरेखीखालचे इस्पितळच सर्वांत घातक ठरले होते, असे त्या हिशेबातून निघाले. दुसऱ्या कोणी तो कागद फाडून टाकला असता. बाईंनी तो छापला. तोच त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा पाया झाला.

शांततेच्या काळातली, मायदेशातल्या बराकींतली मृत्युसंख्या त्यांनी तपासली, तर तिथले तरुण शिपाई त्याच वयाच्या इतर नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरत होते. नुसते आकडे कोणी वाचणार नाही हे ओळखून त्यांनी वर्तुळाकार रंगीत आकृती काढली. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे तांबड्या आणि इतर कारणांचे काळ्या रंगात. निळा रंग बाकीच्यांना गिळून टाकतो हे अधिकाऱ्यांना एका दृष्टिक्षेपात दिसले. संख्याशास्त्राच्या लंडनमधील संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. तिथल्या त्या पहिल्या स्त्री सभासद.

१८५७ पासून त्यांची प्रकृती इतकी ढासळली, की पुढची अनेक वर्षे त्या बहुधा अंथरुणावरच होत्या. मंत्री, डॉक्टर, इंजिनियर सारे त्यांच्या खोलीत येत किंवा पत्रे पाठवीत. १८६० साली जनतेने दिलेल्या निधीतून त्यांनी लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा काढली. त्याच सुमारास शुश्रूषेवरील त्यांचे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते परिचारिकांसाठी नसून घरोघरच्या स्त्रियांसाठी होते. स्वच्छ हवा, स्वच्छ पाणी, सांडपाण्याचा निचरा, टापटीप आणि उजेड या पाच गोष्टींवर घराचे आरोग्य अवलंबून असते, असे त्यांनी त्यात मांडले. १८६१ साली कष्टकरी वर्गासाठी त्याची स्वस्त आवृत्ती निघाली, आणि तीत धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी बाळाच्या काळजीवर एक नवे प्रकरण घातले. सर्वांत लहान वाचकाचाही विचार करणारी ही दृष्टी स्त्रीचीच म्हणावी लागेल.

आता आपल्या देशाकडे येऊ. बाई हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत, परंतु हिंदुस्थानचा विचार त्यांनी सुमारे चाळीस वर्षे केला. येथील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ साली राजकीय आयोग नेमला गेला. बाईंनी ठिकठिकाणच्या छावण्यांना प्रश्नावली पाठविल्या. उत्तरे इतकी आली, की त्यांच्या गठ्ठ्यांनी खोली भरून गेली. १८६३ च्या अहवालात दिसले, की येथे दर हजारी ६९ शिपाई दरवर्षी मरत होते. दहा वर्षांनी हा आकडा १८ वर आल्याचे बाईंनी नमूद केले. पण छावणीपुरते गटार बांधून भागत नाही, भोवतालच्या गावाचे पाणी आणि निचरा सुधारला पाहिजे, हे त्यांनी प्रारंभीच ओळखले. पुढे दुष्काळ, पाटबंधारे, सारा, रयतेचे कर्ज यांवरही त्या लिहू लागल्या. कारण पोट रिकामे असेल तर आरोग्याचे धडे कोण ऐकणार?

आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही ग्रामस्वच्छतेविषयी त्यांचा पत्रव्यवहार झाला. मुंबई इलाख्यात ग्रामस्वच्छतेचा कायदा १८८९ साली झाला, त्या काळची ही गोष्ट. सरकारी हुकमाने गाव स्वच्छ होत नाही. गावातल्या मान्यवरांनी लोकांना समजावून सांगितले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. गावाकडून वसूल होणाऱ्या पट्टीतून पहिला खर्च स्वच्छतेवर व्हावा, असेही त्यांनी वरिष्ठांना सुचविले. आणि घरातल्या बायकांपर्यंत पोचायचे तर बायकांनीच जायला हवे, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत. १८८५ साली येथील स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी लेडी डफरिन यांनी निधी उभारला, तेव्हा त्यांनाही बाईंचा सल्ला मिळाला.

हाच विचार त्यांनी वयाच्या बहात्तराव्या वर्षी स्वतःच्या देशात कृतीत आणला. १८९२ साली बकिंगहॅमशर परगण्यात काही स्त्रियांना आरोग्यशिक्षण देऊन खेड्यांतल्या घरोघरी पाठविण्याची योजना सुरू झाली. नुसत्या व्याख्यानांनी सवयी बदलत नाहीत, अशी बाईंची खात्री होती. घरात जावे, मैत्रिणीसारखे बसावे, चुका काढू नयेत, खिडकी का उघडायची, पाणी कसे ठेवायचे, बाळाला काय द्यायचे हे त्या घरातल्या सोयीनुसार दाखवावे, अशी रीत त्यांनी सांगितली. आपल्याकडे २००५ सालापासून गावोगाव आशाताई दारोदार जातात, त्यांचे काम पाहिले की या योजनेची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

बाई सर्वज्ञ नव्हत्या. रोग दूषित हवेमुळे होतात असे त्या दीर्घकाळ मानीत. सूक्ष्म जंतूंचा सिद्धान्त त्यांना सहजी पटला नाही. तरीही मैला दूर करा, पाणी शुद्ध ठेवा, गर्दी कमी करा, हात धुवा हे त्यांचे उपाय जंतुशास्त्रानेही योग्यच ठरविले. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री झाल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा मान कुटुंबियांनी नाकारला, आणि ईस्ट वेलो येथील लहानशा दफनभूमीत त्या आईवडिलांच्या शेजारी विसावल्या.

भगिनींनो, आपले मंडळ दरवर्षी जमाखर्च काटेकोर छापते; पैशा-पैशाचा हिशेब सभेपुढे ठेवते. नाइटिंगेलबाईंच्या चरित्रातून एक साधी गोष्ट घेण्यासारखी आहे. आपल्या गल्लीत यंदा किती घरी डेंग्यू झाला, कोणाच्या गच्चीतल्या टाकीला झाकण नाही, कोणते गटार पावसाळ्यात तुंबते, कोणत्या बाळाची लस राहिली आहे, याची एक वही मंडळात ठेवावी. लिहिताना कोणाला दोष देऊ नये, आणि आपल्याच घरचा आकडा वाईट निघाला तर तोही लपवू नये. पुढच्या वर्षी ती वही उघडून पाहावी. आकडा खाली आलेला दिसला, तर त्याच्याइतका आनंदाचा अहवाल दुसरा नसेल.