लहान ताऱ्यांचा मोठा अभ्यासक

आमच्या समुद्रपूरच्या नावात समुद्र आहे. पण वर्धा जिल्ह्यातील या गावापासून खरा समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. रात्रीचे आकाश मात्र येथे समुद्रासारखेच अफाट दिसते. विद्यार्थी मित्रांनो, थंडीच्या दिवसांत रात्री मृग नक्षत्रातील ओळीने असलेले तीन तारे शोधा. त्यांच्या रेषेत आग्नेयेकडे पाहिले, की एक अतिशय तेजस्वी तारा दिसतो. मराठीत त्याला व्याध म्हणतात. उर्दूत त्याचे नाव शिअरा आहे.

या व्याधाला एक सोबती आहे. तो इतका मंद आहे, की नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. 1862 साली तो प्रथम दुर्बिणीतून दिसला. अशा ताऱ्याला श्वेत बटू म्हणतात. श्वेत म्हणजे पांढरा आणि बटू म्हणजे ठेंगणा. उर्दूत आपण बौना म्हणतो, तोच येथे अर्थ आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी शास्त्रज्ञ मोठ्या ताऱ्यांना राक्षसी तारे व लहान ताऱ्यांना बटू तारे म्हणू लागले. आपला सूर्यही बटू ताऱ्यांतच मोडतो!

श्वेत बटू मात्र सूर्याहून फार वेगळा असतो. जळण संपलेल्या ताऱ्याचा तो उरलेला गाभा होय. व्याधाचा सोबती आकाराने पृथ्वीएवढा आहे. पण त्यात सूर्याएवढे द्रव्य दाटलेले आहे. त्याचा साखरेच्या खड्याएवढा तुकडा एक टनाहून जड भरेल. या ताऱ्यांचे एक मोठे रहस्य एका भारतीय तरुणाने उलगडले. त्यांचे नाव सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर.

चंद्रशेखर यांचा जन्म 19 ऑक्टोबर 1910 रोजी लाहोर येथे झाला. त्यांचे वडील रेल्वेच्या हिशेब खात्यात अधिकारी होते. प्रसिद्ध शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन हे त्यांचे काका. पुढे हे कुटुंब मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईला आले. तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असतानाच चंद्रशेखर यांचे संशोधन प्रसिद्ध होऊ लागले. उच्च शिक्षणासाठी त्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. पण त्या वेळी आई फार आजारी होती. त्यांचा पाय घरातून निघेना. शेवटी आईनेच त्यांना जाण्याचा आग्रह केला. पुढच्याच वर्षी आईचे निधन झाले. मायलेकांची पुन्हा भेट झाली नाही.

1930 च्या जुलै महिन्याच्या अखेरीस ते मुंबईहून बोटीने निघाले. तेव्हा ते अवघे 19 वर्षांचे होते. प्रत्येक तारा शेवटी श्वेत बटू होऊन शांत होतो, अशी त्या काळी समजूत होती. बोटीवर चंद्रशेखर यांनी याच प्रश्नाचे गणित मांडले. इतक्या दाटीत इलेक्ट्रॉन फार वेगाने धावतील, म्हणून आइन्स्टाइन यांचा सापेक्षतेचा सिद्धांतही वापरला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. उत्तर चकित करणारे निघाले. श्वेत बटूच्या वस्तुमानाला एक मर्यादा आहे! ती सूर्याच्या सुमारे 1.4 पट आहे. गाभा त्याहून जड असेल, तर तो स्वतःच्याच भाराने आत कोसळत जाईल.

11 जानेवारी 1935 रोजी लंडन येथील सभेत त्यांनी हे संशोधन मांडले. नंतर लगेच थोर शास्त्रज्ञ एडिंग्टन उठले आणि त्यांनी भर सभेत त्याची थट्टा केली. लोक हसले. चंद्रशेखर यांना हे फार लागले, कारण एडिंग्टन त्यांच्या ओळखीचे होते आणि त्यांच्या कामाची नेहमी चौकशी करीत. काही नामवंत शास्त्रज्ञांनी चंद्रशेखर यांचेच बरोबर आहे असे खाजगीत कळवले. पण उघडपणे कोणी बोलले नाही.

चंद्रशेखर यांनी भांडण वाढवले नाही आणि आपले गणितही मागे घेतले नाही. 1937 साली ते अमेरिकेत शिकागो विद्यापीठात गेले. 1939 साली त्यांनी आपले सर्व विचार एका ग्रंथात मांडले आणि नव्या विषयाकडे वळले. एडिंग्टन यांच्याविषयी मात्र ते नेहमी आदरानेच बोलत.

काळाने निकाल दिला. न्यूट्रॉन तारे सापडले, कृष्णविवरांचे पुरावे मिळाले. ती मर्यादा आज चंद्रशेखर मर्यादा म्हणून ओळखली जाते. 1983 साली, म्हणजे त्या प्रवासानंतर 53 वर्षांनी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डिसेंबर 1992 मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या वास्तूचे लोकार्पण त्यांच्या हस्ते झाले. 21 ऑगस्ट 1995 रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. 1999 साली अवकाशात सोडलेल्या एका दुर्बिणीला चंद्रा हे नाव देण्यात आले.

थंडीत व्याध दिसला, की त्याच्या न दिसणाऱ्या सोबत्याची आठवण करा. त्या इवल्याशा ताऱ्याचे गणित मांडणारा मुलगा तुमच्याहून फक्त चार-पाच वर्षांनी मोठा होता.