पोट भरायला जुगाऱ्यांचे हिशोब करून देणारा माणूस संभाव्यतेच्या गणिताचा पाया घालून गेला

अठराव्या शतकातलं लंडन. सेंट मार्टिन्स लेनवरच्या स्लॉटर्स कॉफीहाऊसमध्ये एक फ्रेंच माणूस बसायचा. जुगारी यायचे, डाव जिंकायची शक्यता किती ते विचारायचे आणि चार पैसे देऊन जायचे. हा माणूस म्हणजे गणितज्ञ अब्राहम द म्वाव्र.

जन्म १६६७ चा, फ्रान्समधला. घर प्रोटेस्टंट पंथाचं. १६८५ मध्ये चौदाव्या लुईनं या पंथाला संरक्षण देणारा कायदाच रद्द केला आणि हजारो लोकांना देश सोडावा लागला. अब्राहमही लंडनला आला, तो कायमचाच.

पोटासाठी त्यानं शिकवण्या धरल्या. न्यूटनचं प्रिन्सिपिया हाती आलं, पण वाचायला वेळ कुठला? मग पानं फाडून खिशात घालायची आणि दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळेत वाचायची, असं त्यानं केल्याचं सांगतात. पुढं न्यूटनशीच मैत्री झाली. १६९७ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्यही झाला. विद्यापीठातली नोकरी मात्र या परक्या माणसाला कधीच मिळाली नाही.

१७१८ मध्ये त्याचं डॉक्ट्रिन ऑफ चान्सेस हे पुस्तक आलं. १७३८ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यानं एक मोठा घोळ मिटवला.

समजा, पत्त्यांचे दोन गठ्ठे आहेत. एकात बदामाचे १३, दुसऱ्यात इस्पिकचे १३. दोन्हींतून न बघता एकेक पान काढलं तर दोन्ही एक्के निघायची शक्यता १/१३ गुणिले १/१३, म्हणजे १/१६९. एका गठ्ठ्यात काय निघालं, याचा दुसऱ्याशी संबंध नाही. या झाल्या स्वतंत्र घटना.

आता गठ्ठा एकच. आधी एक्का, मग दुर्री काढायची. एक्का निघाला की उरली १२ पानं, म्हणून दुर्रीची शक्यता १/१२ होते. गुणाकार १/१५६. पहिल्या घटनेनं दुसरीचं गणित बदललं. हीच सशर्त संभाव्यता.

म्हणून गुणाकार करण्याआधी विचारायचं: पहिली गोष्ट घडल्यानं दुसरीची शक्यता बदलते का? इथं चुकलं की डाव तर जातोच, विम्याचा हिशोबही कोसळतो.

१७५४ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं त्याला सदस्य करून घेतलं. ज्या देशातून जावं लागलं, त्यानं दखल घेतली तेव्हा वय होतं ८७. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो लंडनमध्येच गेला.