दिवाण सर दिनकरराव राजवाडे

लष्कर हे नावच मुळी छावणीचे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि पुढे तो उठलाच नाही. तंबूंच्या जागी वाडे झाले, वाड्यांभोवती पेठा वसल्या. राज्याचा कारभार मात्र पुढील चाळीस वर्षे बव्हंशी छावणीच्याच वळणाने चालला. नियमाने व ठरीव वेतनावर चालणारी सरकारी चाकरी या राज्यात रुजविण्याचे श्रेय ज्यांच्याकडे प्रामुख्याने जाते, ते राजा सर दिनकरराव राजवाडे होत.

दिनकररावांचा जन्म २० डिसेंबर १८१९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. घराण्यात शिंदे सरकारची चाकरी पूर्वापार चालत आलेली होती. वयाच्या पंधराव्या वर्षी तेही त्याच सेवेत शिरले. पुढे एका विभागाची जबाबदारी अंगावर पडताच त्यांनी तेथील वसूल व पोलीस या दोन्ही खात्यांची घडी बसविली आणि दरबारचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले.

तो काळ राज्याच्या पडत्या दिवसांचा होता. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर व पनिहार येथे एकाच दिवशी झालेल्या दोन लढायांत शिंद्यांच्या फौजेचा इंग्रजांपुढे पराभव झाला. जयाजीराव शिंदे अल्पवयीन होते. त्यांच्या वतीने मंडळ कारभार पाही. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील कंटिंजंट फौजेचा खर्च मात्र राज्याच्या उत्पन्नातून जाई. खजिना रिता, शिपाई असंतुष्ट आणि मुलूख इजारदारांच्या हाती, अशी स्थिती होती.

इजाऱ्याची पद्धत दिसायला सोयीची. महालाचा वसूल जो अधिक रकमेला घेईल त्याच्या हवाली करावा, सरकारने ठरीव रक्कम मोजून घ्यावी आणि मोकळे व्हावे. रयतेकडून प्रत्यक्ष किती वसूल झाला, कोणत्या सबबीवर झाला, याची चौकशी करण्याचे सरकारला कारणच उरत नसे. मक्त्याची मुदत संपण्यापूर्वी घातलेला पैसा व्याजासकट काढणे हे इजारदाराचे काम. पुढील वर्षी शेत पिकते की पडीक राहते, हा त्याचा प्रश्न नव्हे. सरकारचे नोकर थोडे, म्हणून कारभार स्वस्त, असा हिशेब होता. तो किती महाग पडतो हे रयतेला ठाऊक होते, दरबाराला नव्हते.

१८५१-५२ च्या सुमारास दिवाणगिरी हाती येताच दिनकररावांनी या मुळावरच घाव घातला. त्यांनी इजारा मोडला आणि महालांवर पगारी अंमलदार नेमले. जाचक कर रद्द झाले. अंमलदारांनी कसे वागावे यासाठी ‘दस्तूर-उल्-अमल’ म्हणून नियमांचा संग्रह तयार झाला. ग्वाल्हेर राज्यातील लेखी कायद्याचा तो पहिला प्रयत्न मानला जातो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पगारी नोकर वाढले की खर्च वाढतो, हा नित्याचा अनुभव. दिनकररावांनी नोकरांची साखळी उभी करतानाच वरच्या वेतनांना कात्री लावली, आणि त्या कात्रीतून स्वतःचे वेतनही वगळले नाही. तुटीचा जमाखर्च अल्पावधीतच शिलकीत आला. इजाऱ्यावर पोसलेली मंडळी अर्थातच दुखावली. दरबारात त्यांना शत्रूंची वाण कधीच पडली नाही.

या नव्या घडीची कसोटी लवकरच लागली. १४ जून १८५७ रोजी मोरारची कंटिंजंट फौज उठली. दिनकररावांनी जयाजीरावांना इंग्रजांच्या पक्षाला धरून ठेवले आणि उठलेल्या फौजेला कित्येक महिने ग्वाल्हेरात गुंतवून ठेवण्यात दरबार यशस्वी झाला. १ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब पेशवे व झाशीची राणी लक्ष्मीबाई मोरारपर्यंत येऊन ठेपताच मात्र शिंद्यांची स्वतःची फौजही त्यांना जाऊन मिळाली. महाराज व दिवाण आग्र्याला निघून गेले. राणी १७ जूनला ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडली आणि २० जूनला इंग्रजांनी ग्वाल्हेर घेतले. सुरळीत दप्तर आणि शिलकी खजिना यांनी शिपायांची मने बांधली जात नाहीत, हे त्या जूनमध्ये दिसून आले. मराठी वाचकाला दिनकररावांविषयी वाटणारा आदर येथे नेहमीच अडखळतो, आणि तो अडखळावा हे स्वाभाविकच आहे.

डिसेंबर १८५९ मध्ये त्यांनी दिवाणगिरी सोडली. १८६२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळावर जे तीन हिंदी सभासद प्रथम नेमले गेले, त्यांत पतियाळाचे महाराज व काशीचे राजा देवनारायणसिंह यांच्यासमवेत दिनकरराव होते. त्यांना सर ही पदवी, वंशपरंपरागत राजा हा किताब आणि जहागीरही मिळाली. १८७३ मध्ये धोलपूरच्या अल्पवयीन राण्यांचे पालकत्व त्यांनी पत्करले; प्रकृतीमुळे ते लवकरच सोडावे लागले.

सरकारचा माणूस म्हणून त्यांना हिणविणाऱ्यांनी १८७५ चे बडोदे प्रकरण विसरू नये. रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष देण्याचा प्रयत्न केल्याच्या आरोपावरून मल्हारराव गायकवाडांची चौकशी झाली. आयोगात तीन इंग्रज होते आणि तीन हिंदी: जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व दिनकरराव. इंग्रज सभासदांनी आरोप शाबीत मानला, तर हिंदी सभासदांना तो शाबीत झाला असे वाटले नाही. सरकारने मल्हाररावांना अखेर पदच्युत केले, परंतु त्यासाठी त्याला गैरकारभाराचे कारण पुढे करावे लागले. ज्या सरकारने त्यांना किताब दिले, त्याच सरकारला नको असलेला निर्णय देताना दिनकरराव डगमगले नाहीत.

जानेवारी १८९६ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्याआधी दोनच वर्षे माधवराव शिंद्यांना पूर्ण अखत्यार मिळाला होता. त्यांच्या कारकीर्दीत खाती वाढली, कचेऱ्या वाढल्या, आणि लष्करच्या कित्येक मराठी घरांत सरकारी नोकरी ही पिढीजात होऊन बसली. १९४८ मध्ये मध्य भारत राज्य झाले तेव्हा मोतीमहालात सचिवालय भरू लागले. १९५६ मध्ये राजधानी भोपाळला गेली. महालेखापालांचे कार्यालय आणि राजस्व मंडळ मात्र ग्वाल्हेरलाच राहिले.