पाठमोरा हंदाला

टी-शर्टवर, भिंतीवर, नाहीतर एखाद्या मोर्चाच्या फोटोत तुम्ही त्याला पाहिलं असेलच. ठिगळांचे कपडे, अनवाणी पाय, काट्यांसारखे केस, हात मागे बांधलेले आणि तोंड आपल्याकडे नाहीच. हा हंदाला. त्याला जन्म देणारा व्यंगचित्रकार नाजी अल-अली.

नाजीचं गाव अल-शजरा, गॅलिलीतलं. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं, त्या युद्धात गाव रिकामं झालं. दहा-एक वर्षांचा नाजी घरच्यांबरोबर लेबनॉनमधल्या ऐन अल-हिलवे छावणीत आला. असे सुमारे सात लाख लोक बेघर झाले. थोड्या दिवसांत परतू असं वाटत होतं, म्हणून कित्येकांनी घराच्या किल्ल्या जपून ठेवल्या.

नाजी छावणीच्या भिंतींवर चित्रं काढायचा. लेखक घस्सान कनफानी यांनी ती हेरली आणि १९६१ मध्ये छापली. पुढे नाजी कुवेतला गेला, तिथे १९६९ मध्ये हंदाला आला. वय दहा. कायम दहाच! गावी परतेल तेव्हाच तो मोठा होणार, असं नाजीने ठरवून टाकलेलं. नाव आलंय ‘हन्झल’वरून, म्हणजे आपलं कडू इंद्रावण.

१९७३ च्या युद्धानंतर अमेरिकेच्या पुढाकाराने तडजोडीची बोलणी सुरू झाली आणि हंदालाने पाठ फिरवली. का? जरा नकाशा उघडा. चर्चा असायची वेस्ट बँक आणि गाझाची. अल-शजरा तर इस्रायलच्या हद्दीत. मग तह झाला तरी ऐन अल-हिलवेतल्या माणसाने जायचं कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या १९४ व्या ठरावात घरी परतण्याचा मुद्दा आहे, पण इतके लोक आले तर ज्यू बहुसंख्य राहणार नाहीत, म्हणून इस्रायलचा नकार. निर्वासितांतही एकमत नव्हतं. काहींना निदान छोटं राष्ट्र तरी हवं होतं. नाजीला ते पटलं नाही. त्याने यासर अराफत यांनाही सोडलं नाही. मला हेच जास्त धाडसाचं वाटतं, कारण इस्रायलवर टीका केली की छावणीत टाळ्या पडणारच होत्या ना!

१९८५ मध्ये कुवेतनेही त्याला बाहेर काढलं. तो लंडनला गेला. २२ जुलै १९८७ ला ‘अल-कबस’ दैनिकाच्या ऑफिसबाहेर त्याच्यावर गोळी झाडली गेली, २९ ऑगस्टला तो गेला. २०१७ मध्ये लंडन पोलिसांनी नव्याने तपास सुरू केला, तरी मारेकरी सापडलेला नाही. ऐन अल-हिलवेत वडिलांशेजारी दफन व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती. कबर आहे लंडनजवळच्या ब्रुकवुडमध्ये.