मादाम क्युरींचा छोटा वर्ग

५ नोव्हेंबर १९०६ रोजी दुपारी पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठातील व्याख्यानमंदिर खच्चून भरले होते. त्या व्यासपीठावरून प्रथमच एक स्त्री अध्यापन करणार होती. साडेसहा महिन्यांपूर्वी, १९ एप्रिलला, तिचे पती पिएर क्युरी पॅरिसच्या रस्त्यात घोडागाडीखाली सापडून मरण पावले होते आणि त्यांच्याच जागी तिची नेमणूक झाली होती. दिवंगत पतीविषयी ती चार शब्द बोलेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा होती. मारी क्युरी आल्या आणि पिएर यांचे व्याख्यान जिथे थांबले होते, तिथूनच पुढचा विषय मांडू लागल्या.

पुढच्याच वर्षी या विदुषीने आणखी एक वर्ग हाती घेतला. त्यात बसणारी मुले जेमतेम दहा होती. मादाम क्युरींचे रेडियम जगाला ठाऊक आहे. या वर्गाची आठवण मात्र क्वचितच निघते.

त्याचे मूळ वॉर्सात होते. मारी स्क्लोदोव्स्का यांचा जन्म तेथे ७ नोव्हेंबर १८६७ रोजी झाला. वडील गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. पोलंडचा तो भाग रशियन अमलाखाली होता आणि पोलिश शाळांतील प्रयोगशिक्षण राज्यकर्त्यांनी बंद पाडले होते. वडिलांच्या अभ्यासिकेतील काचेच्या कपाटात नळ्या, छोटे तराजू, खनिजांचे नमुने आणि सोन्याच्या वर्खाचे विद्युतदर्शी यंत्र ठेवलेले असे. लहानगी मारी ते कपाट न्याहाळत राही. उपकरणे मात्र काचेआडच राहत.

दहा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. मोठ्या बहिणीला पॅरिसमध्ये वैद्यकीय शिक्षण घेता यावे म्हणून मारींनी काही वर्षे खेड्यातील एका सधन घरी मुलांना शिकविण्याची नोकरी केली. तेथेही शेतकऱ्यांच्या पोरांना त्या गुपचूप पोलिश लिहायला-वाचायला शिकवीत. उघडकीस आले असते, तर त्याची शिक्षा सैबेरियापर्यंत पोहोचू शकली असती. वॉर्सात परतल्यावर एका नातलगाच्या देखरेखीखालील प्रयोगशाळेत त्यांना प्रवेश मिळाला. सरकारी नजर चुकविण्यासाठी त्या संस्थेला उद्योग आणि शेतीचे संग्रहालय म्हणत. रविवारी आणि रात्री तेथे एकटीने बसून त्या पुस्तकातील प्रयोग करून पाहत. कधी साधत, कधी फसत. पण काचेआडची विद्या प्रथमच हाताखाली आली होती. संशोधनाची गोडी आपल्याला याच खोलीत लागली, असे त्या पुढे सांगत.

१८९१ मध्ये त्या पॅरिसला गेल्या. १८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या परीक्षेत पहिल्या आणि पुढच्या वर्षी गणितात दुसऱ्या आल्या. १८९५ मध्ये पिएर यांच्याशी विवाह झाला आणि १८९७ मध्ये इरेनचा जन्म. १८९८ मध्ये या दांपत्याने पोलोनियम आणि रेडियम या दोन मूलद्रव्यांचा शोध जाहीर केला. पुढची चार वर्षे गळक्या छपराच्या एका शेडमध्ये पिचब्लेंडचा ढीग उकळण्यात आणि ढवळण्यात गेली. त्यातून रेडियमचा एक दशांश ग्रॅम क्षार हाती आला. १९०३ मध्ये त्यांना बेकरेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. या काळातही अध्यापन सुटले नाही. १९०० पासून सेव्ह्रच्या मुलींच्या अध्यापक विद्यालयात त्या शिकवीत आणि भावी शिक्षिकांना प्रयोगांतूनच विषय समजावीत.

पिएर यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांच्या इरेनच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. कोंदट वर्गांत मुलांना तासन् तास बसवून ठेवणाऱ्या शाळांवर मारींचा विश्वास नव्हता. धडे थोडे असावेत, पण उत्तम असावेत. मोकळ्या हवेला आणि खेळाला वेळ उरावा. हातांना काम मिळावे, असे त्यांचे मत होते. सोरबॉनमधील मित्रांनाही हीच चिंता होती. त्यातून १९०७ च्या सुमारास पालकांची एक शिक्षण-सहकारी उभी राहिली. ज्याँ पेरँ आपल्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकवू लागले, पॉल लांजव्हँ गणित. आन्री मूताँ यांच्याकडे निसर्गविज्ञान आले. भाषा, इतिहास आणि भूगोल मुख्यतः पेरँ आणि शावान यांच्या पत्नींनी सांभाळले. चित्र आणि मूर्तिकाम एका शिल्पकाराने. दिवसाला बहुधा एकच धडा होई. भौतिकशास्त्र मादाम क्युरींकडे होते, आणि तो वर्ग भरे पॅरिसच्या भौतिकी आणि रसायन विद्यालयातील एका रिकाम्या खोलीत. याच विद्यालयाच्या आवारात रेडियम हाती आले होते.

तेथे व्याख्यान नसे. रिकामी जागा आणि हवेने भरलेली जागा यांत फरक कसा ओळखावा, हवेला वजन असते का, नळाला पाणी कुठून येते, नाव का तरंगते, असे प्रश्न समोर येत आणि उत्तर मुलांनीच करून पाहायचे असे. सायकलच्या बेअरिंगमधील गोळ्या शाईत बुडवून उतरत्या पाटीवर सोडल्या की त्या आपल्या वाटेची वक्ररेषा मागे काढून जात, आणि पडणाऱ्या वस्तूचा नियम डोळ्यांपुढे उमटे. काजळी धरलेल्या कागदावर लंबक आपले हेलकावे स्वतःच लिहून ठेवी. मुलांनी स्वतः बनविलेला तापमापक बाजारातील तापमापकाशी जुळला, तेव्हा त्यांच्या अभिमानाला पारावार राहिला नाही.

एकदा त्यांनी गरम द्रवाने भरलेले भांडे पुढे ठेवून ते गरम कसे राखावे, असे विचारले. हुशार मुलांनी लोकरीत गुंडाळण्यापासून नाना युक्त्या सुचविल्या. त्यावर बाईंनी हसून सांगितले की, आपण तर आधी त्यावर झाकण ठेवले असते.

त्या जितक्या मायाळू, तितक्याच कडक होत्या. प्रयोग करताना टेबल घाण झालेले त्यांना खपत नसे. नंतर पुसून टाकू, ही सबबही चालत नसे. तोंडी हिशेब अचूक हवा. घाई नको, पण चूकही नको.

पॅरिसमध्ये या वर्गाची टिंगलही झाली. जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या पोरांना उपकरणे हाताळू देतात, तरी विद्यापीठाची इमारत अजून उडाली कशी नाही, असा सूर एका वृत्तपत्राने लावला. टिंगलीने वर्ग बंद पडला नाही. दोन वर्षांनी पालकांना आपापल्या कामातून वेळ काढणे अशक्य झाले, मुलांनाही सरकारी परीक्षांची तयारी करणे भाग पडले आणि सहकारीचा शेवट झाला. हेही मान्य करावे लागते की, हा लाभ प्राध्यापकांच्या घरातील मूठभर मुलांनाच मिळाला. सर्वसामान्य शाळेपर्यंत तो पोहोचला नाही.

तरी पेरलेले वाया गेले नाही. वर्गातील फ्रान्सिस पेरँ पुढे भौतिकशास्त्रज्ञ झाले आणि फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाचे प्रमुखपद त्यांनी सुमारे दोन दशके सांभाळले. इसाबेल शावान या विद्यार्थिनीने १९०७ मधील धडे वहीत उतरवून ठेवले होते. जवळजवळ शंभर वर्षांनी, २००३ मध्ये, ती टिपणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

आणि इरेन. १९११ मध्ये आईला दुसरे नोबेल मिळाले. पहिल्या महायुद्धात क्ष-किरण यंत्रे बसविलेल्या मोटारी घेऊन मारी आघाडीवर गेल्या, तेव्हा मदतीला सतरा-अठरा वर्षांची इरेन होती. जानेवारी १९३४ मध्ये इरेन आणि तिचे पती फ्रेडरिक जोलिओ यांनी कृत्रिम किरणोत्सर्गाचा शोध लावला आणि त्या नव्या द्रव्याची चिमुकली काचेची नळी आईच्या हातात ठेवली. रेडियमने भाजून कडक झालेल्या बोटांत ती धरून मारींनी गणकयंत्राजवळ नेली. यंत्राची टिकटिक सुरू झाली आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यानंतर काही महिन्यांतच, ४ जुलै १९३४ रोजी, रक्तक्षयाच्या असाध्य विकाराने त्यांचे निधन झाले. हा विकार दीर्घकाळच्या किरणोत्सर्गाचा परिणाम होता. कन्येला आणि जावयाला १९३५ मध्ये मिळालेले नोबेल त्यांना पाहता आले नाही.

जानेवारी १९५० मध्ये कोलकात्यात मेघनाद साहा यांच्या अणुभौतिकी संस्थेचे उद्घाटन झाले, ते याच इरेन जोलिओ-क्युरी यांच्या हस्ते. वॉर्सातील त्या बंद कपाटापासून निघालेली वाट इथवर आली होती. उपकरण काचेआड ठेवले की मूल ते पाहत राहते. हाती दिले की विचारू लागते. हे मादाम क्युरी स्वतःच्या बालपणापासून जाणत होत्या.